फवारणीची वही डॉक्टरांना दाखवली तेव्हा

आमच्याकडे लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की पहिली तपासणी बाईची, दुसरीही बाईची आणि तिसरीही तिचीच. माझंही तसंच झालं. मी दिंडोरी तालुक्यातली, चार एकर द्राक्षबाग, घर मळ्यातच, सासू-सासरे, दीर-जाऊ सगळे एकत्र. हे लिहायला बसले कारण नाशिकच्या दवाखान्यांमध्ये निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या कितीतरी जणी माझ्या शेजारी बाकावर बसलेल्या पाहिल्यात, हातात जाडजूड फाइल, सोबत सासू नाहीतर आई, आणि नवरा बाहेर गाडीत किंवा आलेलाच नाही कारण बागेत काम चालूय. त्या नवऱ्यांना कुणी विचारतच नाही की बाबा तू दिवसभर कशात असतोस. आमच्या ह्यांना विचारलं गेलं ते फार उशिरा, पण विचारलं गेलं हे महत्त्वाचं.

आधी माझं सांगते थोडक्यात. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच ह्या रक्ताच्या तपासण्या, मग दर महिन्याला फॉलिक्युलर स्टडी म्हणजे दिवसाआड सोनोग्राफी करून अंडं किती मोठं झालं ते बघायचं, त्यासाठी मळ्यातून नाशिकला जायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. मग एचएसजी केली, त्यात गर्भपिशवीत डाय सोडून नळ्या मोकळ्या आहेत का बघतात, खूप दुखतं, आधी कुणी नीट सांगत नाही. सगळं नॉर्मल. तरी गोळ्या चालू, इंजेक्शन चालू, सासूबाईंचे उपास चालू, आणि लग्नकार्यात ओटी भरायची वेळ आली की मला हळूच बाजूला बसवणं पण चालू. ह्या सगळ्यात मिस्टरांची एक साधी सिमेन टेस्ट, जी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी, ती त्या पहिल्या दवाखान्यात कुणी सांगितलीच नाही. मी स्वतः तोंड उघडून म्हटलं की ह्यांचीही करा, तेव्हा केली.

रिपोर्ट आला तर काउंट एक आकडी मिलियनमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलीला 16 मिलियन ही खालची मर्यादा धरतात, आणि एकूण हालचाल करणारे शुक्राणू किमान 42 टक्के असावेत, ह्यांचे त्याच्याही खूप खाली होते. ह्यांचा चेहरा पडला, दोन दिवस बोललेच नाहीत. मला मात्र खरं सांगायचं तर रडू आलं ते सुटल्यासारखं वाटून, आणि लगेच ह्यांच्याकडे बघून वाईटही वाटलं. आमच्याकडे पुरुषाला हे सांगणं फार अवघड असतं, आणि सासूबाईंनी तर आधी विश्वासच ठेवला नाही, लॅबवाल्यांनी नाव बदललं असेल म्हणाल्या.

मग ओळखीतून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, ते पुरुषांचंच बघतात. त्यांनी आधी सांगितलं की एका सॅम्पलवर काही ठरवायचं नाही, आकडा वरखाली होतो, मध्ये काही आठवडे सोडून दुसरं द्या, आणि आधी किमान दोन दिवस, जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको, नाहीतर रिपोर्टला अर्थ राहत नाही. डॉपलर सोनोग्राफी करून व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगल्यात का, ते बघितलं, नव्हतं. हार्मोनच्या टेस्ट केल्या. लहानपणी गालगुंड झालं होतं का, मोठा ताप आला होता का, तंबाखू, दारू, सगळं विचारलं. आणि मग विचारलं, काम काय करता. हे म्हणाले द्राक्षबाग. फवारणी कोण करतं? मीच, ट्रॅक्टर-ब्लोअर मीच चालवतो. काय काय मारता? हे नावं सांगायला लागले आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, म्हणाले एवढी माझ्या लक्षात राहणार नाहीत, लिहून आणा.

लिहून कशाला आणायची, आमच्याकडे वही होतीच. एक्सपोर्ट करणाऱ्यांना माहिती आहे, अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेटमध्ये प्लॉट रजिस्टर केला की प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते, तारीख, औषधाचं नाव, लिटरला किती, कशासाठी मारलं, आणि पीएचआय म्हणजे काढणीच्या आधी किती दिवस मारायचं नाही ते. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये सीसीसी म्हणजे लिहोसिन, ह्या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले, आमच्या भागात तेव्हा किती घरं बसली ते सगळ्यांना आठवतंय, तेव्हापासून वहीच्या बाबतीत आबा, म्हणजे माझे सासरे, फार कडक. मण्यात कुठल्या औषधाचा किती अंश राहिला हे लॅब किलोमागे मिलिग्रॅमच्या अपूर्णांकात काढून देते. त्या वहीत कुठल्याही दिवशीचं पान उघडलं तर बागेला काय मिळालं ते कळतं. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या अंगात काय गेलं त्याची टेस्ट आमच्या भागात कुणी केल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

पुढच्या वेळी वही नेली. डॉक्टर बराच वेळ एकेक पान बघत बसले, बाहेर पेशंट थांबलेले. गोडी छाटणी म्हणजे फळांसाठीची छाटणी, तिच्यानंतरची पानं सगळ्यात भरलेली, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस झाला की डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, येतो आणि मग एक दिवसाआड, कधी रोज, पाऊस थांबला की रात्रीसुद्धा ब्लोअर फिरतो. त्याच्या आधी काडीला पेस्ट, म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक पानोपानी. आधीच्या वर्षांच्या पानांवर, लोकल मार्केटच्या प्लॉटला, कार्बेन्डाझिम, तेही बुरशीचंच. मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकणासाठी क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक. डॉक्टरांनी पेन्सिलने चार-पाच नावांवर खुणा केल्या आणि आम्हाला समजावून सांगितलं.

शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, त्यानंतर नळीतून पुढे येऊन पक्के व्हायला आणखी थोडे, म्हणजे आज जो सॅम्पल दिला तो तीन महिन्यांपूर्वी शरीरात जे चाललं होतं त्याचा हिशोब असतो. आमचा पहिला सॅम्पल होता जानेवारी अखेरचा. मागे मोजलं तर बरोबर ऐन डाऊनीचा मोसम. कार्बेन्डाझिमने उंदरांच्या वृषणात नुकसान होतं हे फार वर्षांपासून माहिती आहे, पेशी विभागताना आत जे बारीक धागे बनतात तेच ते बिघडवतं, बुरशी मारायचीही त्याची तीच रीत आणि शुक्राणू बनतात तिथेही तेच घडतं. युरोपने त्याला प्रजननाला घातक अशा वर्गात टाकलंय. मॅन्कोझेबची परवानगी त्यांनी 2020 मध्ये पुढे चालू ठेवली नाही, त्यात प्रजनन आणि हार्मोन ही कारणं होतीच. आपल्याकडेही 2020 च्या मे महिन्यात केंद्राने 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब, क्लोरपायरीफॉस तिन्ही होती. तो मसुदा आला तेव्हा आमच्या घरात चर्चा झाली ती फक्त आता डाऊनीला काय मारायचं ह्याची.

पण डॉक्टर एक गोष्ट स्पष्ट बोलले आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. म्हणाले, तुमच्या बाबतीत ह्यामुळेच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. तुम्ही एका टाकीत दोन-तीन औषधं कालवता, वर्षभरात कितीतरी वेगवेगळी वापरता, मागच्या ऑक्टोबरात अंगात काय होतं हे आज रक्तातून कळत नाही, शिवाय ट्रॅक्टरच्या सीटची उष्णता आहे, झोप नाही. मी एवढंच सांगतो की संपर्क तोडा, तीन महिने जाऊ द्या, मग परत बघू. संपर्क तोडायला खर्च काही नाही आणि तोटा तर नाहीच.

त्यानंतर मी खूप वाचलं, रात्री मोबाईलवर. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लॅथ्रोप म्हणून गाव आहे, तिथल्या कारखान्यात डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक बनायचं. 1977 मध्ये तिथल्या कामगारांच्याच लक्षात आलं की अरे आपल्यापैकी कुणालाच पोरं होत नाहीयेत, आपापसात बोलताना लक्षात आलं, मग तपासलं तर कितीतरी जणांचे काउंट शून्य किंवा शून्याजवळ. आणि उंदरांवरच्या प्रयोगात वृषण आकसतात हे 1961 सालीच छापून आलेलं होतं! सोळा वर्षं ते कागदावर पडून होतं. हे वाचून मी ह्यांना झोपेतून उठवलं.

एंडोसल्फानबद्दल आबांनाच विचारलं, ते म्हणाले आमच्या तरुणपणी सगळ्यांच्या घरात असायचं. केरळात कासारगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने वर्षानुवर्षं मारलं, तिथल्या मुलांचे हाल सगळ्या देशाने फोटोत पाहिले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या शाळेतल्या मुलांना तपासलं होतं, तो अभ्यास 2003 मध्ये छापून आला, त्यात मुलग्यांचं वयात येणं लांबल्याचं दिसलं. सुप्रीम कोर्टाची बंदी आली 2011 मध्ये. आबा ऐकत होते, मग म्हणाले आम्हाला दुकानदार सांगायचा तेवढंच कळायचं. त्यात त्यांचा काय दोष, आजही बहुतेकांना दुकानदार सांगतो तेवढंच कळतं.

आणि तो डब्यावरचा त्रिकोण. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. आमच्या स्टोअरमध्ये निळे-हिरवेच जास्त, म्हणून सगळ्यांची समजूत की आपण सौम्य औषधं वापरतो. पण तो रंग ठरतो कशावर, तर किती डोस एकदम पोटात गेला किंवा कातडीवर लागला तर प्रयोगातले प्राणी मरतात ह्यावर. रोज थोडं थोडं अंगावर उडून पाच-दहा वर्षांत बीजावर काय होईल, पोटातल्या बाळावर काय होईल, हे त्या रंगात कुठेच नाही. हे मी आमच्या भिशीतल्या बायकांना सांगितलं तर एकीलाही माहीत नव्हतं, आणि त्यातल्या दोघी तर ॲग्री शिकलेल्या.

आता बदललं काय ते नीट सांगते, कारण विचारतात ते सगळे हेच विचारतात. पहिलं म्हणजे आमची समजूत होती की औषध नाकातून जातं, म्हणून तोंडाला उपरणं बांधलं की झालं. उपरण्याने तर काहीच होत नाही, ते ओलं झालं की उलट दिवसभर तोंडाशी औषध धरून ठेवतं. आणि जास्त करून जातं ते कातडीतून. डॉक्टरांनी सांगितलं की हाताच्या कातडीपेक्षा जांघेतल्या, वृषणाच्या कातडीतून कितीतरी पटीने जास्त शोषलं जातं. ह्यांची फवारणीची पँट मी कितीदा धुतलीय, मांडीपासून खाली कडक झालेली असायची, पांढरट डाग, टाकी भरताना सांडलेलं, त्यावरच दिवसभर बसायचं. औषध कालवायचं ते काठीने, घाई असली तर हातानेच. नोझल तुंबलं की काढून तोंडाने फुंकायचं, हे तर आमच्याकडे सगळेच करतात, लहान पोरं बघून शिकतात.

ते सगळं बंद केलं. कालवायला मापाचं भांडं आणि लांब दांडा, नायट्राइलचे हातमोजे, गाडी धुवायच्या दुकानात मिळतात तसलं पाणी न झिरपणारं एप्रन कमरेपासून खाली, कार्ट्रिजवाला मास्क. उकाड्यात ते घालून बसणं सोपं नाही हे मला मान्य आहे, ह्यांनी पहिल्या आठवड्यात दोनदा काढून फेकलं. म्हणून वेळ बदलली, पहाटे आणि संध्याकाळी. नोझल साफ करायला जुना टूथब्रश ट्रॅक्टरलाच बांधून ठेवलाय. फवारणीचे कपडे घरात येत नाहीत, बाहेरच्या नळावर वेगळ्या बादलीत, आणि मी ते धुताना मोजे घालते, कारण इतकी वर्षं ते कपडे मी उघड्या हाताने चोळत होते, हे कुठल्याच डॉक्टरने मला विचारलं नव्हतं. औषधांचं स्टोअर पडवीत होतं, गव्हाच्या कोठीला लागून, ते बांधावरच्या खोलीत हलवलं. आणि ती चार-पाच नावं, त्यांची गरजच पडू नये म्हणून पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले वाचून, हवामान बघून फवारायला लागलो. ढग आले की टाकी भर, असं आता करत नाही. फवारण्या थोड्या कमी झाल्या, मालाला काही झालं नाही.

एका गोष्टीवर घरात भांडण झालं. दीर म्हणाले तीन महिने माणूस लावू फवारायला, दादाला लांब ठेवू. मला ते पटेना. तो माणूस पेठ तालुक्यातून येणारा, बावीस-तेवीसचा, नुकतं लग्न झालेला. त्याला काही बीज नाही का? शेवटी ठरलं की जो कुणी ब्लोअरवर बसेल त्याला तोच सगळा सरंजाम, आणि तोही पाळीपाळीने, एकावरच मोसम टाकायचा नाही. यवतमाळला 2017 मध्ये कापसावर फवारताना 20 च्या वर माणसं गेली, त्यातले कितीतरी मजुरीने फवारणारे. तेव्हा सगळ्या टीव्हीवर आलं कारण माणसं मेली, जे मरत नाहीत त्यांचं काय होतं ते कोण बघतं.

उन्हाळा आणि पावसाळ्याचा सुरुवातीचा काळ असा गेला, परत सॅम्पल दिला. काउंट वीसच्या वर, हालचालही सुधारलेली. डॉक्टर म्हणाले छान, पण मोसमाचाही फरक असू शकतो, सॅम्पलचाही. ते काहीही म्हणोत, ह्यांनी तो रिपोर्ट देव्हाऱ्यात ठेवला. आयव्हीएफची म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची चर्चा थांबली, आयूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भपिशवीत सोडणं, ते करून बघू म्हणाले, आणि त्यात राहिलं.

राहिल्यावर माझी काळजी संपेल असं वाटलं होतं, ती वाढली. कारण वाचताना पुढचंही वाचलं होतं. कॅलिफोर्नियातच सॅलिनास खोरं आहे, भाजीपाला आणि स्ट्रॉबेरीचा पट्टा, तिथे शेतमजूर कुटुंबांतल्या बायकांना गरोदरपणापासून आणि त्यांच्या मुलांना पुढे वर्षानुवर्षं तपासलं, चामाकोस नावाचा अभ्यास, बर्कली विद्यापीठाचा. ज्या आयांच्या लघवीत ऑर्गॅनोफॉस्फेटचे, म्हणजे क्लोरपायरीफॉसच्या गटातल्या कीटकनाशकांचे, अंश सगळ्यात जास्त होते त्यांच्या मुलांचा आयक्यू सातव्या वर्षी, सगळ्यात कमी अंश असलेल्यांपेक्षा सरासरी 7 गुणांनी कमी निघाला. न्यूयॉर्कमध्ये तर शेतीचा संबंधच नाही, घरात झुरळांसाठी मारायच्या क्लोरपायरीफॉसवरून तसलंच निघालं. आणि मॅन्कोझेबपासून शरीरात ईटीयू नावाचं द्रव्य तयार होतं ते थायरॉइडवर जातं, बाळाचा मेंदू पहिल्या महिन्यांत आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असतो, म्हणून डॉक्टर बाईंनी माझी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, परत परत केली. त्यांनी घाबरवलं नाही, म्हणाल्या हे सरासरीचे आकडे आहेत, तुमच्या बाळाचं भविष्य नाही, पण मळ्यातल्या घरात गोडी छाटणीचा मोसम काढू नका.

मी सप्टेंबरातच माहेरी नाशिकरोडला गेले. पहिलं बाळंतपण माहेरी असतंच पण सातव्या-आठव्या महिन्यात जातात, मी तिसऱ्यातच गेले त्यावर भरपूर बोलणी झाली, ऐन कामाच्या दिवसात सून माहेरी. आई ठाम राहिली म्हणून निभावलं. सासूबाईंनी शेवटी स्वतःच नातेवाइकांना सांगितलं की औषधाच्या वासाने तिला त्रास होतो, हे त्यांचं मोठेपण.

मुलगी झाली, आता चालते, बोलते, अंगणवाडीच्या ताईंच्या तक्त्यावर वजन-उंची व्यवस्थित आहे. रांगायला लागली तेव्हा नवीन काळजी, कारण रांगणारं पोर जमिनीवरची धूळ हाताने तोंडात घालतं आणि मळ्यातल्या घरात धूळ म्हणजे नुसती माती नसते. चपला-बूट उंबऱ्याबाहेर, फरशी रोज ओल्या फडक्याने, फवारणी चालू असेल तेव्हा आणि त्यानंतरही बराच वेळ बागेकडच्या खिडक्या बंद. रिकाम्या औषधाच्या डब्यात पाणी भरून ठेवायची सवय होती घरात, ते सगळे डबे भोकं पाडून टाकले.

माझी मात्र तगमग आता वेगळ्याच गोष्टीची. पेठ-सुरगाण्याहून ज्या बायका आमच्याकडे डिपिंग-थिनिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला आणि मणी विरळ करायला, येतात त्या झोळी मांडवालाच बांधतात. शेजारच्या प्लॉटवर ब्लोअर चालू आणि इकडे झोळीत चार महिन्यांचं लेकरू. त्यातल्या गरोदर असतात त्या सांगतही नाहीत, कारण सांगितलं तर काम जाईल ही भीती. मला माहेर होतं, फाइल होती, वही वाचणारा डॉक्टर मिळाला. त्यांना तर गावच्या उपकेंद्रात रक्त वाढायच्या गोळ्या मिळाल्या तरी खूप.

म्हणून मागच्या मोसमापासून आमच्याकडे नियम केलाय, जी गरोदर आहे किंवा जिचं अंगावरचं दूध चालू आहे तिला बागेत नाही, शेडवर प्रतवारी आणि पॅकिंगचं काम, रोजची मजुरी तेवढीच. झोळीसाठी शेडमध्ये कोपरा. आणि मुकादमाला आधीच निरोप, की आमच्या आणि शेजारच्या प्लॉटवर फवारणी कधी आहे ते आदल्या दिवशी सांगू, त्या दिवशी टोळी दुसऱ्या टोकाला. शेजारचे काका आधी हसले, ह्या वर्षी त्यांनीच फोन करून वेळ कळवली. गावातल्या द्राक्ष गटाच्या मीटिंगमध्ये ह्यांनी विषय मांडलाय की मण्यांचे सॅम्पल लॅबला जातात त्याच वेळी फवारणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी करू, निदान काही कीटकनाशकांचा अंगावर झालेला परिणाम दाखवणारी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी तरी, आणि ज्याला मूल हवंय त्याची सिमेन टेस्टही, गुपचूप, नाव बाहेर न जाता. चार जणांनी नंतर बाहेर येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही असं, ह्यांच्याकडे डॉक्टरांचा नंबर मागितला.